भाव उतरेपर्यंत

गिऱ्हाइकानं एखाद्या वस्तूकडं बोट दाखवलं की मामा आधी तिच्या खोक्यावर आपला पंजा ठेवायचे, लहान मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा. मग हळूच म्हणायचे, "थांबा जरा. भाव उतरंल."

हे गिऱ्हाइकानं म्हटलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण मामा विकणारे होते. उस्मानपुऱ्यात ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी बिलिंगला बसते, तिथले ते सगळ्यांत जुने सेल्समन. आताच्या शेठच्या वडिलांनी त्यांना ठेवलं, तेव्हा दुकानात लाकडी शटरचे टीव्ही होते. दुकानातली माणसं त्यांना मामा म्हणायची, गिऱ्हाइकंही मामाच म्हणायची. त्यांचं खरं नाव मी पगाराच्या कागदावर वाचलं तेव्हा हे कोण, असा क्षणभर प्रश्न पडला होता.

माल विकायचं सोडून थांबायला सांगणारा माणूस दुकानात कसा टिकला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण ज्याला मामा थांबायला सांगायचे तो सहा महिन्यांनी परत यायचा, आणि येताना मेव्हण्याला घेऊन यायचा. शेठ वैतागायचे. "मामा, तुम्ही माझ्या दुकानात कामाला आहात का ग्राहक पंचायतीत?" मामा हसायचे आणि फडकं घेऊन टीव्हीच्या काचा पुसायला लागायचे.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. त्यांनी व्हीसीआर सोन्याच्या भावानं विकलेला आणि नंतर भंगारात गेलेला पाहिला होता. सीडी प्लेअर, कॅमेरे, भिंतीवरचे चपटे टीव्ही, सगळ्यांची तीच गत. "नवी वस्तू असती ना, तवा माणूस तिची हाऊस विकत घेतो. हाऊस ओसरली का मग खरी किंमत राहती. आपण तवा घ्यायची." स्वतःच्या घरी त्यांनी कधी काही नवं घेतलं नाही. टीव्ही दुकानात बदलीत आलेला, फ्रीज शेठच्या घरचा जुना, मिक्सर तर कुणी टाकून दिलेला दुरुस्त करून घेतलेला.

गेमचे कन्सोल दुकानात आले तेव्हा मामांना जोर चढला. एवढ्याशा डब्याला एवढी किंमत, आणि तो करतो काय, तर टीव्हीवर खेळवतो. एकदा वाळूजच्या कंपनीत नव्यानं लागलेला एक तरुण कन्सोल घ्यायला आला. पहिला पगार झाला होता बहुतेक.

"मामा, कित्ते में देते, बोलो ना."

"अब्बी नक्को ले बेटा. रुक जा. भाव गिरता."

"हौ, लेकिन गिरे तक मैं क्या करूं?"

मामांनी खोक्यावरचा पंजा काढून घेतला. तो पोरगा कन्सोल घेऊन गेला. मामा संध्याकाळपर्यंत मला सांगत होते, "ताई, फसला बिचारा. एवढी किंमत नाय त्याची. आत काय आहे? एक पंखा आन् चार पट्ट्या."

दुकानात मोठ्या टीव्हीचं चित्र दाखवायला एक कन्सोल कायम जोडून ठेवलेला असायचा. त्यावर एकच गेम लावलेला. एक माणूस, एक घोडा आणि सगळीकडं मोकळा डोंगराळ मुलूख. त्यात लढाया होत्या, चोर होते, कुठंतरी खजिना होता. पण आमच्या कामाचं होतं ते वाऱ्यावर हलणारं गवत. टीव्हीचे रंग दाखवायला त्याच्याइतकं चांगलं काही नव्हतं.

त्या टीव्हीसमोर एक दिवस मामी येऊन बसल्या. मामा डबा विसरून आले होते, तो घेऊन त्या आल्या होत्या. घर मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं. पण तेवढं चालूनही त्यांना दम लागला होता. गुडघे पार गेले होते त्यांचे. मामा गिऱ्हाइकात अडकले होते, म्हणून मी त्यांना खुर्ची दिली. त्या पडद्याकडं बघतच राहिल्या.

"हे कुठलं रान?"

"खोटंय मामी. गेम आहे."

"खोटं कळतंय मला. पण रान कुठलं?"

मी गमतीनं त्यांच्या हातात रिमोट दिला आणि घोडा कसा चालवायचा ते दाखवलं. मला वाटलं, दोन मिनिटांत कंटाळतील. त्यांनी घोडा चालवला तो हळूहळू, पायवाटेनं, आजूबाजूला बघत. चोरांची झोपडी लागली तर लांबून वळसा घातला. एका उतारावर मेंढरं दिसली तेव्हा त्या खुर्चीत सरसावून बसल्या. "मेंढराच्या पुढं जायचं नसतं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी घोडा मागून घेतला आणि इकडची तिकडची सगळी मेंढरं गोळा करत खाली एका ओढ्यावर नेली. त्या गेममध्ये असं काही करता येतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. टीव्ही बघायला आलेलं एक कुटुंब टीव्ही सोडून मामींकडंच बघत होतं.

मामींचं माहेर खुलताबादजवळचं. घरात मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या. लग्न होईपर्यंत त्या त्याच डोंगरांवर हिंडलेल्या. मामाही तिकडचेच, पण त्यांना त्या जिण्याचा कंटाळा होता. तरुणपणीच ते शहरात आले आणि दुकानाला चिकटले. मागं गावाकडं जायचा विषय निघाला तर म्हणायचे, "काय हाय तिकडं? दगड आन् काटे."

त्या दिवसापासून मामींनी डबा आणायचा नियमच केला. दुपारी दुकानात शुकशुकाट असायचा. त्या टीव्हीसमोर बसायच्या, मामा डबा खाऊन हात धुवून त्यांच्या मागं उभे राहून टीव्ही पुसत असायचे. मला वाटायचं, शेठ काही बोलतील म्हणून ते पाळत ठेवून आहेत. पण शेठ काही बोलले नाहीत. उलट एकदा म्हणाले, "मामी बसल्या की चित्र बरं दिसतं."

एक दिवस मामी उठताना म्हणाल्या, "आपण हे घरी घेऊ."

मामा हसले. "येडी का काय तू? खेळणंय ते."

"असू दे. मला डोंगरावर तर जाता येत नाय आता."

"आगं, किंमत बघ त्याची. एवढ्याचं नाय ते. थांब जरा. नवीन मॉडेल आलं का ह्याचा भाव उतरंल. दिवाळीला बघू."

"बरं," मामी म्हणाल्या. हट्ट करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. पिशवी उचलली आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरल्या.

दिवाळी आली. नवीन मॉडेल आलं. जुन्याचा भाव उतरला नाही. मामा म्हणाले, पुढच्या दिवाळीला उतरंल. पुढच्या दिवाळीच्या आधी कंपनीचा माणूस नवे दर घेऊन आला आणि कन्सोलचा भाव चक्क चढला. आतले सुटे भाग महागले, डॉलर वाढला, असं काहीबाही तो सांगत होता. मामांनी तो कागद दोनदा वाचला. जुनी झालेली वस्तू महाग झालेली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. घरच्या माणसानं फसवावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "चूक असंल छापण्यात," ते म्हणाले. मग म्हणाले, "टिकायचा नाय हा भाव. उतरंल."

भाव चढल्यावर शेठनी दुकानात जोडलेला कन्सोलही विकून टाकला. मोठ्या टीव्हीवर आता समुद्रातले मासे दिसायला लागले. मामी डबा घेऊन आल्या, माशांकडं थोडा वेळ बघितलं आणि डबा ठेवून गेल्या. त्यानंतर मामा डबा विसरेनासे झाले.

मध्ये दोन-तीन वर्षं गेली. मामी मला भाजीच्या गाड्यावर दिसल्या तेव्हा टोमॅटो अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "डोळ्यांपुढं काळे दोरे येतात. मोतीबिंदू असंल."

"दाखवलं नाही का?"

"दाखवू की. थांबू जरा. दिवाळी होऊन जाऊ दे."

पण ते मोतीबिंदू नव्हतं. साखरेचा आजार आत किती दिवस होता कुणास ठाऊक. एक दिवस सकाळी चहा ओतताना कप सोडून सगळा चहा ओट्यावर गेला, तेव्हा मामांनी रिक्षा आणली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलंय. आधी यायला हवं होतं. इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले ते काउंटरच्या आतल्या बाजूला आलेच नाहीत. बाहेर, गिऱ्हाइकाच्या बाजूला, माझ्यासमोर उभे राहिले.

"ताई, एक कन्सोल काढा. तो घोड्याचा गेम पण."

शेठ आतून आले. त्यांना दवाखान्याचं काही कळलेलं नव्हतं. चांगल्या मनानं म्हणाले, "मामा, पुढच्या महिन्यात कंपनीची स्कीम येतेय. तुम्हीच ना सांगता सगळ्यांना? थांबा की जरा."

मामांनी मान हलवली. "नाय शेठ. बिल करा."

मी बिल केलं. त्यांनी भाव विचारला नाही. खोकं छातीशी धरून ते घरी गेले.

मामींना त्यानंतर काही महिने थोडं दिसत होतं. पडद्याच्या अगदी पुढ्यात स्टूल घेऊन बसायच्या, असं मामा सांगायचे. हिरवं कळायचं, आभाळ कळायचं, मेंढरं पांढऱ्या ठिपक्यांसारखी कळायची. त्या दिवसांत मामा घरी जायची घाई करायचे. मग हिरवं आणि आभाळ एक व्हायला लागलं. एक दिवस मामींनी रिमोट मामांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही हाका. मला सांगा नुसतं."

हे मला मामांनी दुकानाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना सांगितलं. कप तसाच हातात धरून ते रस्त्याकडं बघत होते.

"ताई, मी लोकांचे लई पैसे वाचवले. बघा तुम्ही, कुणी नाव नाय ठेवणार. पण मी सारखा वस्तूकडंच बघत राहिलो. तिचा भाव कधी उतरतो, कधी उतरतो. घेणाऱ्या माणसाचेही दिवस उतरत असतात, ते ध्यानातच आलं नाय." मग म्हणाले, "आन् डोळ्याला थांबू म्हणाली ना ती, तो माझा शब्द. इतकी वर्षं ऐकून ऐकून शिकली."

मी म्हटलं, मामा, आजार काही तुमच्या बोलण्यानं आला नाही. त्यांनी होकाराची मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं नव्हतं.

एकदा रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मामी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे उघडे, चेहरा टीव्हीच्या बाजूला. मामा खाली सतरंजीवर रिमोट घेऊन बसलेले. मला हातानंच बसा म्हणाले, कारण ते मध्ये थांबू शकत नव्हते.

"आता उतार लागला," ते सांगत होते. "डाव्या अंगाला बोराटीची जाळी हाय. गवत गुडघ्याएवढं. पिवळं पडायलंय शेंड्याला. खाली ओढा दिसतोय, पाणी हाय, पण कमीच. पल्याड सहा-सात मेंढरं हायत, त्यातलं एक लंगडतंय."

मी पडद्याकडं बघितलं. घोडा एका मोठ्या खडकाला तोंड लावून उभा होता. मामा बटणं दाबत होते, घोडा जागच्या जागी पाय हलवत होता, आणि पडद्यावर खडकाशिवाय काहीच नव्हतं.

मामांनी माझ्याकडं बघितलं, पण ते बोलायचे थांबले नाहीत. इतकी वर्षं टीव्ही विकताना गिऱ्हाइकाला चित्र समजावून सांगितलेला माणूस. आवाजात कुठं अडखळ नव्हती. ओढा ओलांडून झाला, मेंढरं गोळा झाली, मग ते म्हणाले, "आता घोड्याला जरा दम खाऊ दे. मी चहा टाकतो." आणि आत गेले.

आतून भांड्याचा आवाज आला तसं मामींनी मला जवळ बोलावलं.

"खडकाला अडकलेत ना?"

मी आतल्या दाराकडं बघितलं.

"टापा एकाच जागी वाजतात. कळतं मला. त्यांना घोडा हाकता येत नाय, पहिल्यापासून नाय." त्या हसल्या. "पण ते सांगतात ना, ती वाट मी दुकानात हाकलेली. ते लंगडं मेंढरू पण तिथलंच. मला वाटायचं, हे मागं उभं राहून नुसत्या काचा पुसतात." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "बोलू नको त्यांना."

मामांनी चहा आणला. मामींनी विचारलं, "पुढं काय आलं हो?" आणि मामांनी रिमोट उचलला.

मला तेव्हा त्या दोघांचा हेवा वाटला होता. आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, की मामींना दिसत होतं तेव्हा मामांनी हे सगळं मनात साठवलं, पण तोंडातून एकच वाक्य काढलं, थांब जरा. नीट दिसणाऱ्या डोळ्यांनी ती वाट चालायला मामींना चार वर्षं तरी मिळाली असती. मिळाले ते काही महिने, तेही स्टुलावर पुढं वाकून, ठिपक्या-ठिपक्यांत.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी दुकानातच, जेवण झाल्यावर टेकून बसले होते. आम्हाला वाटलं, डोळा लागलाय. दवाखान्यात नेलं, पण काही उपयोग झाला नाही. त्यांनी थांबायला सांगितलेली किती गिऱ्हाइकं त्या दिवशी घरी आली होती. कुणी टीव्ही घेतलेला, कुणी फ्रीज, सगळे तेच सांगत होते, मामांनी आमचे पैसे वाचवले.

मामींना न्यायला त्यांचा भाऊ खुलताबादहून आला. घर रिकामं करताना त्यानं मला विचारलं, गेमचा डबा दुकानात घेतील का. मी शेठना विचारलं. भाव दरम्यान आणखी चढला होता, त्यामुळं शेठनी सांगितलेली किंमत मामांनी दिलेल्या किमतीच्या जवळपास निघाली. वापरलेल्या वस्तूला असा भाव मामांनी आयुष्यात कुणाला मिळवून दिला नसेल.

मी ती किंमत मामींना सांगितली आणि म्हटलं, ठेवायचा असेल तर ठेवा, घाई नाही.

त्यांनी तो डबा मांडीवर घेतला. वरून हात फिरवला, मागच्या वायरीच्या भोकांवरून बोटं फिरवली.

"ह्यात ते बोलत नायत ना," त्या म्हणाल्या. "मग नेऊन टाक."

दुकानात विकण्याआधी आत साठवलेला खेळ सगळा पुसावा लागतो. ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. दोन दिवसांत एक बाई आपल्या मुलीसाठी तो घेऊन गेल्या. त्यांनी विचारलं, किंमत योग्य आहे ना. मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर मी सासूबाईंना घेऊन खुलताबादला दर्शनाला गेले होते. त्यांना देवळात बसवून मी मामींकडं गेले. भावाचं घर गावाबाहेर, शेताला लागून. मामी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि शेजारी जागा करून दिली. तब्येत बरी होती. भावजय जीव लावते, म्हणाल्या. खायला-प्यायला काही कमी नाही.

समोर डोंगर होता, अगदी दाराशी. वारा चांगला सुटला होता. वर कुठंतरी मेंढरांच्या घंटा वाजत होत्या. मामी तिकडं तोंड करून ऐकत होत्या.

"काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं.

"डोंगर," मी म्हटलं. "गवत आहे. पिवळं झालंय थोडं."

"आन्?"

"मेंढरं आहेत. वरच्या बाजूला."

त्या वाट बघत राहिल्या. मी डोंगराकडं बघत होते. तो एवढा मोठा, एवढा जवळ होता, आणि मला पुढचं एक वाक्य सुचत नव्हतं.

थोड्या वेळानं मामींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू चहा घेऊन जा."